कॅन-ॲम स्पायडर आरटी लिटरला जेमतेम १४ किलोमीटर देते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासमध्ये २०१८ ची वापरलेली स्पायडर आरटी (पुढे दोन, मागे एक चाक असलेली टूरिंग बाईक) घेतली, हायवेवर गॅलनला ३२-३३ मैल मिळतात, आधीची दुचाकी टूरिंग बाईक यापेक्षा बरीच जास्त द्यायची. तिसऱ्या चाकाच्या घर्षणाने असं होतं का, आणि कुठलं ॲडिटिव्ह टाकावं?

ॲडिटिव्ह काहीही टाकू नका. आणि ते तिसऱ्या चाकाचं खूळ आधी डोक्यातून काढा. स्पायडरवाल्यांत वर्षानुवर्षं हेच ऐकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टायरचं घर्षण वजनावर ठरतं, वेगाने ते फारसं बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६५ मैलांवरून ८० वर गेलात की तो दीडपट होतो. पश्चिम टेक्सासात आय-१० या महामार्गावर ८० ची मर्यादा आहे, तिथे सगळे त्याच वेगाने जातात. तुम्ही ६५ ने जाताय आणि समोरून १५ मैलांचा वारा आहे, तरी हिशोब तोच, कारण गाडीला ८० चाच वारा लागतो. त्यात आरटीचं तोंड रुंद: पुढे दोन चाकं, त्यांचे मडगार्ड, मोठी काच, बाजूच्या डिक्क्या. दुचाकी हवा कापत जाते, ही ढकलत जाते. पेट्रोल तिथे जळतं.

खरं कारण कुठलं हे एका टाकीत कळतं. फार्म-टू-मार्केट रस्त्यांवर (टेक्सासातले ग्रामीण रस्ते), वारा पडलेला असताना, ताशी ५० मैलांच्या स्थिर वेगाने किमान १०० मैल चालवा. गॅलनला ४० किंवा जास्त आले, तर गाडी ठणठणीत आहे आणि हायवेचा आकडा हा हवेचा आकडा आहे. ५० वरही तिशीतच अडकली, तर कुठेतरी काहीतरी घासतंय.

मोजमाप नीट करा. डॅशवरच्या सरासरीवर किंवा काट्यावर जाऊ नका. सपाट जागी, दोन्ही वेळा त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा सुटेपर्यंतच भरा. वरून थेंब थेंब कोंबलेलं पेट्रोल वाफेच्या कॅनिस्टरमध्ये (पेट्रोलची वाफ अडवणारा डबा) जातं, आकडाही चुकतो आणि कॅनिस्टरही खराब होतो. ओडोमीटर एकदा हायवेच्या मैलाच्या पाट्यांशी, दहा मैलांवर, ताडून घ्या. मागे वेगळ्या मापाचा कारचा टायर बसवला असेल तर हे हवंच. वापरलेल्या आरटीत असा टायर बऱ्याचदा सापडतो.

आता घासण्याबद्दल. माझ्या माहितीतली एक आरटी ५० वरही तिशीच्या वर जात नव्हती. मालकाने प्रीमियम पेट्रोल भरलं, एअर फिल्टर बदलला, दोन-तीन बाटल्या ओतल्या. निघालं काय, तर मागच्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सरकपिना, म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या पिना, कोरड्या पडून अडकल्या होत्या आणि पॅड डिस्कला कायम चिकटून होतं. स्पायडरचं एकच पेडल तिन्ही ब्रेक लावतं, त्यामुळे पायाला वेगळं काही जाणवत नाही. तपासायचं असं: वीसेक मिनिटं चालवा, शेवटी रिकाम्या जागी ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्या आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने तिन्ही डिस्क मोजा. पुढच्या दोन जवळपास सारख्या हव्यात. एखादी डिस्क बाकीच्यांपेक्षा खूप तापली असेल तर तिथेच दोष. पिना काढून साफ करा, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा, रबरी टोप्या फाटल्या असतील तर बदला, नाहीतर पाणी शिरून पुन्हा तेच. पार्किंग ब्रेक पूर्ण सुटत नसेल तरी लक्षण हेच दिसतं.

मग टायर. पुढच्या टायरांत हवा फक्त १५ पीएसआयच्या आसपास असते, मागे २८. मॉडेलप्रमाणे फरक आहे, म्हणून स्टिकरवरचा आकडा पाहा, गाडी थंड असताना भरा आणि कमी दाबाचा गेज वापरा. कारच्या सवयीने पुढे ३० भरणारे पुष्कळ असतात. पुढे वजन कमी, त्यामुळे एवढ्या हवेने टायर मधोमधच झिजतो, गाडी रस्ता सोडून भरकटते आणि मायलेजमध्ये काही हाती लागत नाही. पुढची दोन चाकं एकमेकांना समांतर नसतील, तर ती आडवी घासत चालतात. टायरच्या एका कडेला हात फिरवल्यावर करवतीसारखं खरखरीत लागलं की लेझर अलाइनमेंट करून घ्या, तेही स्पायडरचं काम येणाऱ्या माणसाकडूनच.

चालवण्यात सुधारणा करायची तर इको मोड लावा आणि हिरवा बाण दिसला की गिअर वर टाका. तुमचं १३३० सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे, खालच्या आरपीएमला छान ओढतं. जुन्या दोन सिलिंडरच्या व्ही-ट्विनसारखं जास्त आरपीएमवर पळवायची गरज नाही. काच नजरेच्या जरा खाली ठेवा. खरी बचत मात्र ७५ चं ६५ करण्यात आहे. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच कोणी ऐकत नाही.

पेट्रोलबद्दल: ऑक्टेन जास्त म्हणजे ऊर्जा जास्त असं नसतं, ते इंजिन ठोठावू नये म्हणून असतं. मॅन्युअलमधला किमान आकडा पाळा, पुरे. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मायलेज साधारण ३ टक्के घटतं, म्हणजे गॅलनमागे मैलभर. तुमची तक्रार त्याहून मोठी आहे.

एक राहिलं. गाडी बरेच महिने उभी होती आणि आयडलिंगला अडखळते असं असेल, तर इंजेक्टर क्लीनरची एक बाटली योग्य ठरेल, तेवढा एकच अपवाद. ट्रेलर जोडून फिरत असाल तर ३२ बद्दल तक्रारच करू नका. आणि ही तुलना २०१० ते २०१३ च्या ९९८ सीसी इंजिनवाल्या आरटीशी करू नका, ती याहून जास्त पिते.