इंजिनाच्या धुरासाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न: मी आर्वी तालुक्यातील शेतकरी असून माझ्याकडे नऊ एकर कोरडवाहू जमीन आहे. 2013 सालची डिझेल गाडी 1,60,000 किलोमीटर चालली आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की मिनिटभर निळसर धूर सोडते आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते. मेकॅनिकने पिस्टनच्या रिंगा गेल्याचे सांगून पूर्ण इंजिन बांधण्याचे 85,000 रुपये मागितले आहेत. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली दोन लाखांची ठेव मोडावी, की सात लाखांचे कर्ज काढून नवी गाडी घ्यावी? आईला दर महिन्याला सेवाग्रामच्या रुग्णालयात न्यावे लागते. एकूण वापर महिन्याला 800 किलोमीटर आहे.

उत्तर: सप्रेम नमस्कार.

आपण दोन पर्याय मांडले आहेत, परंतु या दोहोंच्या आधीचा, इंजिन नेमके कशामुळे ऑइल जाळते हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आपल्या पत्रावरून मेकॅनिकने केवळ धूर पाहून निदान केलेले दिसते, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजल्याचा उल्लेख त्यात कुठेही नाही. एवढ्या आधारावर 85,000 रुपयांचा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम ऑइलचाच हिशेब पाहू. वर्षाला सुमारे 9,600 किलोमीटर म्हणजे दहा लिटर ऑइल, आणि लिटरला 400 रुपये धरले तरी खर्च 4,000 रुपयांच्या आसपास जातो. केवळ ऑइलची बचत व्हावी म्हणून 85,000 रुपये घातले, तर ते वसूल व्हायला एकवीस वर्षे लागतील. जुन्या इंजिनाने हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाणे चांगले नव्हे, पण तेवढ्यावरून इंजिन संपले असेही ठरत नाही. ऑइल खाण्याचे प्रमाण स्थिर आहे की महिन्यागणिक वाढते आहे, हे मात्र पाहावे लागेल. त्यासाठी सकाळी, गाडी सपाट जागी असताना, इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक पाहावी आणि ऑइल किती व केव्हा घातले याची किलोमीटरसह वहीत नोंद ठेवावी.

आपल्या वर्णनातील महत्त्वाची खूण म्हणजे धुराची वेळ. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर हेडमधले (इंजिनाच्या वरच्या भागातले) ऑइल झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून थेंबथेंब खाली उतरते, सकाळी ते जळते आणि धूर थोड्या वेळात थांबतो. रिंगा किंवा बोअर झिजले असतील तर सहसा चढावर, माणसे भरून गाडी ओढताना धूर सतत येतो, आणि ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यास वाफेचा जोरदार झोत बाहेर येतो, ज्याला मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. सकाळचा धूर खरोखर निळसर आहे ना, हेही एकदा उजेडात पाहून घ्यावे. तो पांढरट असून डोळ्यांना झोंबत असेल आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास येत असेल, तर दोष ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारा) किंवा नोझलचा (डिझेल फवारणारा) असू शकतो. पांढऱ्या धुरासोबत रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर जातो. काळा धूर बहुधा तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे किंवा जादा डिझेलमुळे येतो. त्याचा ऑइलशी संबंध नसतो.

गाडीला टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असल्यास त्याच्यापासून इंजिनाकडे जाणारा हवेचा पाइप काढून आत बघण्यास सांगावे. आत ओलसर थर असणे चालते. मात्र ऑइल साचलेले असेल तर टर्बो दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नये, कारण डिझेल इंजिन हवेसोबत आत आलेल्या ऑइलवर आपोआप धावू लागते आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी, तुंबला असेल तरी ऑइल जळते. त्याची सफाई किरकोळ खर्चात होते, म्हणून ती सर्वांत आधी करून घ्यावी. त्यानंतर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून आकडे कागदावर घ्यावेत. चारही आकडे कंपनीच्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ आले, तर रिंगांचा आरोप बहुतेक निकाली निघतो. मग काम व्हॉल्व्ह सीलपुरते उरते, आणि अनेक इंजिनांत ते इंजिन खाली न उतरवता होते. ही तपासणी शक्यतो दुसऱ्या गॅरेजमध्ये करावी, कारण ज्याला इंजिन बांधायचे आहे त्यालाच ते बांधायला हवे का हे विचारणे योग्य नव्हे.

कॉम्प्रेशन खरोखरच गेलेले निघाले, तर इंजिन बांधणे समर्थनीय ठरते, परंतु गाडी आणखी किमान तीन वर्षे ठेवणार असाल तरच. इंजिन उघडल्यावर क्रँक घासावा लागला किंवा लायनर बदलावे लागले की अंदाज वाढतो, म्हणून 1,05,000 रुपये धरून चला. छत्तीस महिन्यांत विभागल्यास ते महिन्याला सुमारे 2,900 रुपये होतात. याउलट सात लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 14,700 रुपये येईल आणि केवळ व्याजापोटी 1,82,000 रुपये जातील. ज्या घरात पैसा कापूस आणि तूर विकल्यावर येतो, तिथे दर महिन्याचा असा हप्ता मी सुचवणार नाही.

पैसा उभा करताना ठेव मोडू नये. मुदतीपूर्वी मोडल्यास व्याज प्रत्यक्ष काळाच्या दराने मिळते आणि वर बहुतेक बँका साधारण एक टक्का कापतात. त्याऐवजी त्याच ठेवीवर कर्ज घ्यावे. ते ठेवीच्या दराहून सहसा एक ते दोन टक्के महाग असते, आणि कापसाचे पैसे आल्यावर फेडून टाकता येते. पीक कर्जाची रक्कम यात वळवू नये, कारण ते मुदतीत न फेडल्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ जातो. अडत्याकडून उचल तर मुळीच घेऊ नये. वेचणी तोंडावर आहे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर 8 ते 12 टक्के ओलाव्याचाच कापूस घेतात, आणि पहिल्या वेच्याचा कापूस वाळवायला थोडे थांबावे लागते. उचल घेतलेल्या शेतकऱ्याला ते थांबणे जमत नाही. तो ओला कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, पडत्या भावाने देऊन मोकळा होतो आणि इंजिनाचा खर्च त्याला दुप्पट पडतो.

आपल्या गाडीची नोंदणी 2028 मध्ये पंधरा वर्षांची होईल. नूतनीकरणाचे शुल्क, पर्यावरण कर आणि तंदुरुस्तीची तपासणी हे खर्च तेव्हा येतील, म्हणून इंजिनाला हात घालण्यापूर्वी चेसिस, पत्रा आणि गिअरबॉक्सही त्या दुसऱ्या गॅरेजच्या मेकॅनिककडून पाहून घ्यावेत. पत्रा खालून सडलेला निघाला तर इंजिन बांधू नका. ऑइल घालत, पीयूसी वैध ठेवून हा हंगाम काढा आणि धुराची गोष्ट न लपवता उन्हाळ्यात गाडी विका.