झाला, केला, करावा लागला

समुपदेशनासाठी माझ्याकडे आली तेव्हा पहिल्या भेटीत ती म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी माझा गर्भपात झाला." ‘झाला’ म्हटलं की आपोआप झालेलाही त्यात येतो. मी काही विचारलं नाही. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "म्हणजे, करावा लागला." आणि निघताना, चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता, "खरं तर मी केला."

एका घटनेसाठी एका तासात तीन क्रियापदं. पुढचे पाच महिने आम्ही बहुतेक या तिन्हींवरच बोलत होतो. (तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तिचा प्रश्न असा होता: "मॅडम, ते माझ्या हातात होतं का? नसेल तर मी सुटले. आणि असेल तर…" पुढचं ती बोलत नसे. हा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत पुष्कळ जणींकडून ऐकला आहे. कुणी म्हणतं, नशिबात होतं. कुणी म्हणतं, परिस्थितीने करवलं. काही जणी थेट विचारतात, मी खुनी आहे का?

तिची हकीकत थोडक्यात अशी. पहिलं मूल झाल्यावर ती कित्येक महिने गंभीर नैराश्यात होती. त्यातून नुकती कुठे बाहेर येत असताना पुन्हा दिवस गेले. सातवा आठवडा. नऊ दिवस तिने विचार केला. नवऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "शरीर तुझं, निर्णय तुझा. तू ठरवशील ते मला मान्य." ऐकायला किती समजूतदार! पण त्या नऊ दिवसांत त्याने दुसरं एक वाक्य उच्चारलं नाही. आणि वर्षभराने एका भांडणात तेच वाक्य उलटं फिरून आलं: "तूच ठरवलं होतंस ना?"

सुरुवातीला माझी एक चूक झाली. तिच्या रडण्याने मी हलले आणि घाईने म्हणाले, "तुमचा काही दोष नाही." ती गप्प झाली. त्याच्या पुढच्या वेळी मी अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं. सुमारे १००० स्त्रियांशी संशोधक ५ वर्षं बोलत राहिले होते. गर्भपात केलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जणींना ५ वर्षांनंतरही आपला निर्णय योग्य वाटत होता. ती माहिती खरी आहे, आणि ‘आता आयुष्यभर पस्तावा’ या भीतीने जागणाऱ्या अनेकींना तिचा उपयोग होतो. हिने मात्र विचारलं, "म्हणजे मी उरलेल्यांपैकी?" तिला आकडा नको होता.

मग एका भेटीला ती अगदी हलकी होऊन आली. भावाने एक व्हिडिओ पाठवला होता. इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे, आपण ठरवतो असं आपल्याला वाटतं तोवर मेंदूने ठरवून टाकलेलं असतं, असं त्यात होतं. "म्हणजे मी काही केलंच नाही, मॅडम. ते होणारच होतं." तिच्या चेहऱ्यावरची सुटका पाहून मी त्या दिवशी वाद घातला नाही. बुडणाऱ्याने जी फळी धरली आहे ती आधी हिसकायची नसते, असं मला वाटतं.

दोन आठवड्यांनी फळी आपणहून सुटली. तिचा मुलगा आजारी पडला होता आणि तिने रात्रभर उशाशी बसून काढली होती. सकाळी तिच्या मनात आलं, हेही मी केलं नाही का? माझं जागणं, माझी माया, हेही नुसतं होणारच होतं? "त्या एका गोष्टीतून सुटायला मी सगळंच देऊन बसले," ती म्हणाली. त्या दिवशी मी नेहमीचा प्रश्न पुन्हा विचारला, जगणं नको असं वाटतं का, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का. तो मी दर काही भेटींनी सरळ शब्दांत विचारते. नाही, असं तिने सांगितलं. मग आम्ही त्या व्हिडिओकडे वळलो.

ज्या प्रयोगाचा त्यात गवगवा होता तो मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा, १९८३ सालचा. लोकांना सांगितलं होतं, मनात येईल तेव्हा मनगट हलवा आणि हलवावंसं वाटलं तो क्षण घड्याळात पाहून लक्षात ठेवा. हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत विद्युत संकेत चढू लागलेला दिसला. माणसांना मात्र इच्छा जाणवली ती सुमारे एक पंचमांश सेकंद आधी. २०१२ मध्ये आरॉन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती चढण म्हणजे आधीच झालेला निर्णय असेलच असं नाही. मेंदूतले नेहमीचे चढउतार साठत गेले तरी तसंच चित्र दिसू शकतं. पण मला तिला याहून साधी गोष्ट दाखवायची होती. मनगट आत्ता हलवावं की दोन क्षणांनी, याला कुठलंच कारण लागत नाही. तुमच्या नऊ दिवसांत तर कारणांखेरीज दुसरं काही नव्हतं.

ती म्हणाली, "पण ती कारणंही कुठून तरी आलीच ना?" बरोबर. आजारपणातून आली, स्वभावातून आली, एकटेपणातून आली. नियतिवादाचं म्हणणं तेवढंच आहे: प्रत्येक गोष्टीला आधीची कारणं असतात. आपण त्याची गल्लत दैववादाशी करतो. दैववाद म्हणतो, तू काहीही कर, व्हायचं तेच होईल. नियतिवादात तुमचा विचार हा त्या साखळीतलाच दुवा आहे. तुम्ही नऊ दिवस विचार केला म्हणून जे झालं ते झालं. विचार वेगळा झाला असता तर पुढचंही वेगळं झालं असतं. म्हणून ‘होणारच होतं’ हे वाक्य तुमच्या नऊ रात्री पुसून टाकतं, आणि ते मला तुमच्यावर अन्याय करणारं वाटतं.

यापुढचं बोलणं तिला सगळ्यात जड गेलं, आणि मलाही. ती माझ्याकडे माफी मागत होती, आणि माफी गुन्ह्याची असते. गुन्हा झाला का, हा प्रश्न तिने कधी उघडलाच नव्हता. तो आधीच सुटला आहे असं धरून ती फक्त पळवाट शोधत होती. इच्छास्वातंत्र्य नाही असं उद्या कुणी सिद्ध केलं तरी गर्भपात योग्य की अयोग्य हे त्यातून ठरत नाही. त्या वादातल्या दोन तत्त्वज्ञांच्या गाजलेल्या मांडण्या मी तिला सांगितल्या. ज्यूडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९७१ मध्ये म्हटलं की गर्भ ही व्यक्ती आहे असं घटकाभर मान्य केलं, तरी दुसऱ्याचं शरीर वापरण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही. डॉन मार्क्विस यांनी १९८९ मध्ये उलट बाजू मांडली. व्यक्ती कुणाला म्हणायचं हा तंटा बाजूला ठेवा, म्हणाले, पण आपल्यासारखंच एक अख्खं भविष्य त्या जिवाकडून हिरावलं जातं. दोघांपैकी कुणाच्याही युक्तिवादाचा भार आईची इच्छा स्वतंत्र होती की नाही यावर नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं. माझं मत मी सांगितलं नाही. त्या खोलीत माझ्या शब्दाला जरुरीपेक्षा जास्त वजन असतं, आणि नवऱ्याच्या गप्प बसण्याची जागा माझ्या मताने भरायची नव्हती. मात्र एक सांगितलं. हा प्रश्न विचारी माणसांना अवघड वाटत आला आहे, तुम्हालाही वाटतो, यात तुमचं काही बिघडलेलं नाही.

मग तिला घरी करायला एक काम दिलं. त्या नऊ दिवसांची वही लिहायची. अट एकच: त्या त्या दिवशी जे माहीत होतं तेवढंच लिहायचं, नंतर कळलेलं एक अक्षर नाही. ‘आता मुलगा चार वर्षांचा आहे, मी बरी आहे, सांभाळलं असतं’ हे आजचं ज्ञान. ते तेव्हाच्या तिला उपलब्ध नव्हतं. वही पुरी व्हायला सहा आठवडे लागले. चौथ्या दिवसाच्या पानावर एवढंच होतं: ‘आज मुलाला आंघोळ घालताना हात थरथरले. पुन्हा ते दिवस आले तर याला कोण बघेल?’ वाचून ती बराच वेळ बसून राहिली. म्हणाली, "मी याचाही विचार केला होता. मला हे आठवतच नव्हतं."

"पण मग अजूनही का दुखतं?" हा तिचा पुढचा प्रश्न. इथे मला तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये मांडलेला एक दाखला उपयोगी पडतो. ट्रकचालकाची काही चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल येतं. आपण त्याला समजावू, तुझा दोष नाही. पण रस्त्यावरच्या बघ्याइतकंच त्यालाही वाटलं आणि तो लगेच सावरला, तर आपल्यालाच ते खटकेल. ज्याच्या हातून घडलं त्याची हळहळ वेगळी असते, आणि ती असणं म्हणजे अपराधाची कबुली नव्हे. दोन्ही प्रसंग सारखे नाहीत हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तिचा तो निर्णय होता, अपघात नव्हता. तरी ‘हळहळ’ हा शब्द तिने उचलला. तोवर तिच्याकडे अपराध आणि काहीच नाही, असे दोनच खण होते.

शेवटून दुसऱ्या भेटीला ती नवऱ्याला घेऊन आली. तो अवघडून खुर्चीच्या काठावर बसला आणि मला सांगू लागला, "आम्ही तेव्हा ठरवलं की…"

"आम्ही नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी ठरवलं. मला एकटीला ठरवावं लागलं."

तो खाली बघत म्हणाला, "मला तेव्हा काही सुचलंच नाही."

"सुचलं नाही, की बोलला नाहीस?"

मी मध्ये पडले नाही. बराच वेळ गेला.

"बोललो नाही," तो म्हणाला.