कोट्याचे साडेतीन लाख आणि मुलीची ४७ हजारावी रँक

इंदुरातल्या रामबागेतल्या एका आईंचं पत्र आलं आहे. मुलीला जेईई मेन या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत जानेवारीत ९५.१ आणि एप्रिलमध्ये ९६.८ पर्सेंटाइल मिळाले. आयआयटीसाठीची पुढची परीक्षा, ॲडव्हान्स्ड, दिली, पण रँक लागली नाही. आता एक वर्ष ड्रॉप घेऊन क्लाससाठी राजस्थानातल्या कोट्याला जायचं म्हणते. क्लासची फी १,६०,०००, होस्टेल-मेस महिना १५,००० असे दहा महिने. घरात ६ लाखांची एफडी आहे. यजमान पिथमपूरला कारखान्यात, दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ११ लाख, धाकटा मुलगा नववीत. "एफडी मोडू का?" एवढाच प्रश्न.

ताई, एफडीचं नंतर बघू. तुमच्या पत्रात मुलीची रँक कुठेच नाही, पर्सेंटाइलच आहे, आणि क्लासवाले त्याच आकड्यावर खेळतात. ९६.८ ऐकायला छान वाटतं. २०२५ मध्ये दोन्ही सत्रं मिळून सुमारे पावणेपंधरा लाख मुलं मेनला बसली. त्यातली ३.२ टक्के तिच्या पुढे, म्हणजे रँक ४७ हजारांच्या आसपास. जागा रँकवर मिळते.

आता तोच आकडा घेऊन जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या जागा वाटणाऱ्या केंद्रीय काउन्सेलिंगच्या, साइटवर मागच्या वर्षांचे ओपनिंग-क्लोजिंग रँक (पहिली आणि शेवटची जागा कितव्या रँकला गेली ते) काढा. तीन ओळी नीट वाचा: मॅनिट या भोपाळच्या एनआयटीची 'होम स्टेट' ओळ, तिथलीच 'फीमेल-ओन्ली' ओळ, आणि इतर एनआयटींची 'अदर स्टेट' ओळ. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात, आणि २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निघाल्या आहेत. त्यामुळे एकाच शाखेत मुलींचं क्लोजिंग बहुतेकदा बरंच खाली, म्हणजे मोठ्या आकड्यावर, जातं. ४७ हजार हा आकडा या ओळींत कुठे बसतो ते कळलं की अर्धा निर्णय होतो. इथलं जीएसआयटीएस आणि खंडवा रोडचं आयईटी हे राज्याच्या काउन्सेलिंगमध्ये येतात, तो फॉर्म वेगळा भरायचा. जोसात चॉइस हव्या तितक्या भरता येतात, खऱ्या वाटपाआधी दोन मॉक (नमुना) अलॉटमेंट दाखवतात, आणि नोंदणीला फी नाही. चॉइस फिलिंगचे हजारो रुपये मागणारा काउन्सेलर भेटला तर हे लक्षात असू द्या.

मग ड्रॉपने शक्यता किती वाढेल? २०२५ च्या ॲडव्हान्स्डला दोन्ही पेपर देणारे १,८०,४२२ होते, पात्र ठरले ५४,३७८ आणि आयआयटीत जागा १८,१६०. पात्र होणं आणि जागा मिळणं यांत एवढं अंतर आहे. तिला ॲडव्हान्स्डची एकच संधी उरली आहे, कारण लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच बसता येतं. माझा साधा उपाय असा: मागच्या वर्षीचे दोन्ही पेपर घरी, घड्याळ लावून, एका दिवसात सोडवायला लावा. मग चुका दोन ढिगांत टाका. "हा धडा झालाच नव्हता" असा ढीग मोठा असेल तर वर्षभरात खूप भरून निघेल. "येत होतं पण वेळेत जमलं नाही" हा ढीग मोठा असेल तर आणखी एका क्लासने फार फरक पडेल असं मला वाटत नाही. ९५ वरून ९६.८ वर जाणं चांगलं आहे, पण बोर्डाच्या परीक्षेनंतर मोकळा वेळ मिळालेल्या बऱ्याच मुलांची इतकी वाढ होते.

आता पैसे. तुम्ही दिलेल्या फीत जीएसटी धरला आहे का ते विचारा. कोचिंगवर तो १८ टक्के आहे, म्हणजे १,६०,००० वर २८,८००. होस्टेलचे दीड लाख मिळवून ३,३८,८०० झाले, त्यात जाणं-येणं, पुस्तकं नाहीत. इंदुरातल्याच भंवरकुआंवरच्या क्लासचे तुम्हीच लिहिलेले ९०,००० सगळं धरून आहेत आणि जेवण घरचं. फरक सुमारे अडीच लाखांचा. त्या अडीच लाखांत कोटा नेमकं काय जादा देतो, हे मला कोणी पटवून दिलेलं नाही. स्वभावाने एकटी राहून अभ्यास करणारी मुलगी असेल तर गोष्ट वेगळी, पण ते तुम्हालाच ठाऊक.

एक बाब फार घरांत सुटते. क्लासची फी रोख जाते, शैक्षणिक कर्ज मिळतं ते कॉलेजच्या फीसाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी कर्ज योजनेत नावाजलेल्या संस्थांसाठी जामीनदार किंवा तारण लागत नाही. व्याजावरची ३ टक्क्यांची सवलत मात्र ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांनाच, तुम्ही त्यात बसत नाही. जुनी करप्रणाली निवडली असेल तर आयकरात या कर्जाच्या व्याजाची वजावट आहे. म्हणून एफडी आज क्लासमध्ये घालवून उद्या कॉलेजच्या पहिल्या हप्त्याला हात रिकामे, असं होऊ देऊ नका. मोडायचीच वेळ आली तर आधी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो का ते बँकेत विचारा.

माझं मत: जोसा आणि राज्याचं काउन्सेलिंग पूर्ण भरा. मॅनिट, जीएसआयटीएस किंवा आयईटीत तिला आवडणारी शाखा मिळाली तर जावं, ड्रॉप नको. नाही मिळाली आणि पहिला ढीग मोठा निघाला, तर इंदुरातच ड्रॉप, खर्चाची मर्यादा सव्वा लाख. मुलं 'पार्शल ड्रॉप' म्हणतात, कॉलेजात प्रवेश घेऊन पुन्हा परीक्षा. नियमात बसतं, पण दोन दगडांवर पाय ठेवून पहिल्या सेमिस्टरचे विषय राहिलेलेही मी पाहिले आहेत.

क्लास कुठलाही असो, फी हप्त्यानेच भरा. माझ्या भाच्याची वर्षाची फी आम्ही एकरकमी भरली, तो नोव्हेंबरात परत आला आणि उरलेले पैसे आजतागायत आले नाहीत. मध्येच सोडल्यास उरलेली फी दहा दिवसांत परत द्यावी, असं जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात. तरी पावतीवर परतीची अट लिहून घ्या.

आणि धाकट्याचं. अकरावीला त्याला कोट्याच्या डमी शाळेत (नाव शाळेत, दिवस क्लासात) किंवा पुण्याला आत्याकडे टाकायचं मनात असेल तर आधी थांबा. एनआयटीसाठी 'होम स्टेट' बारावी जिथून पास होतो त्यावरून ठरतं. राजस्थानातून बारावी केली की मॅनिटची होम स्टेट ओळ गेली, जयपूरची आली. महाराष्ट्राच्या राज्य प्रवेशातही रहिवास आणि दहावी-बारावी पाहतात, आडनाव नाही. त्याची शाळा इथेच राहू द्या, आणि मॉक अलॉटमेंट लागली की मुलीची यादी मला पाठवा.