अभ्यासाइतकंच कला आणि हस्तकलेला महत्त्व देणारी पहिली वॉल्डॉर्फ शाळा नेमकी कुठे आणि कशी सुरू झाली?

जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात, ७ सप्टेंबर १९१९ रोजी. नाव मिळालं ते सिगारेटच्या कारखान्यावरून. 'वॉल्डॉर्फ-अस्टोरिया' कारखान्याचे मालक एमिल मोल्ट यांना कामगारांच्या मुलांसाठी शाळा हवी होती. शिक्षणाची आखणी ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांनी केली. उलांड्सह्योहे टेकडीवरच्या एका जुन्या उपाहारगृहाच्या इमारतीत सुमारे अडीचशे मुलं जमली. मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की कामगारांची मुलं आणि सुखवस्तू घरांतली मुलं, मुलगे-मुली, सगळे एकाच वर्गात बसत. त्या काळच्या जर्मनीत हे मोठं धाडस होतं! विणकाम मुलग्यांनाही शिकवत. १९३८ मध्ये नाझी राजवटीत शाळा बंद पडली. युद्ध संपल्यावर १९४५ मध्येच ती पुन्हा उघडली आणि आजही त्याच टेकडीवर भरते.