संदर्भयादी हाताने टाइप करू नकोस

पहिलाच पेपर आहे ना, मग संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर आत्ताच टाकून घे, फुकट आहे. संदर्भ देण्याच्या व्हँकूव्हर पद्धतीत संदर्भांचे आकडे मजकुरातल्या क्रमाने येतात, एक परिच्छेद वरखाली झाला की पुढचे सगळे बदलतात. ते काम त्याच्यावर सोड.

पण त्याने उचललेली माहिती डोळ्यांखालून घालच. शीर्षकातलं एशेरिकिया कोलाय हे जिवाणूचं नाव बऱ्याचदा सरळ अक्षरांतच येतं, ते तू तिरपं कर. आपल्याकडच्या नावांचं तर विचारूच नकोस! आडनाव कुठलं, वडिलांचं नाव कुठलं, याची हमखास गल्लत होते. ज्याच्या कामावर आपण उभे आहोत त्याचं नाव तरी नीट छापलं जावं, म्हणून मूळ पेपर उघडून ताडून बघ. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, तोही क्लिक करून पाहा. छापून झाल्यावर मागे घेतलेल्या (रिट्रॅक्टेड) पेपरवर झोटेरो लाल पट्टी दाखवतं. ती दिसली तर गाईडना लगेच सांग.