वकील तारखेला हजर राहत नाही आणि पक्षकाराची रक्कमही देत नाही. तक्रार कुठे करावी?

अशा वकिलाविरुद्ध, ज्या राज्य बार कौन्सिलकडे त्याची नोंदणी आहे तिथे, अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली लेखी तक्रार करता येते. गैरवर्तन सिद्ध झाल्यास शिस्तपालन समिती त्याला ताकीद देऊ शकते, सनद (वकिलीचा परवाना) निलंबित करू शकते किंवा नोंदवहीतून नावच काढू शकते. तक्रारीला वकीलपत्राची प्रत, पैसे दिल्याच्या पावत्या आणि न्यायालयाचा रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) जोडावा, कारण ‘वकील गैरहजर’ ही त्यातली एक ओळ पुष्कळ काही सांगून जाते. रकमेच्या वसुलीसाठी मात्र दिवाणी दावा आणि अफरातफर असल्यास पोलिसांत फिर्याद करावी. ग्राहक आयोगाचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये बंद केला, याची मला मनापासून खंत वाटते. फी थकली म्हणून वकिलाला कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत.