हर्पिस असेल तर एचआयव्हीचा धोका वाढतो का?

प्रश्न : माझे वय ३१ आहे. दोन वर्षांपूर्वी मला जननेंद्रियाचा हर्पिस असल्याचे निदान झाले. दर तीन-चार महिन्यांनी फोड येतात. अशा माणसाला एचआयव्ही लवकर होतो, असे एका परिचिताने सांगितले. रोज असायक्लोव्हिर (हर्पिसवरची विषाणूरोधक गोळी) घेतल्यास हा धोका टळेल का? माझे लग्न ठरत आहे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : हर्पिसचे रूपांतर एचआयव्हीत होत नाही, हे दोन निराळे विषाणू आहेत. (आपल्याकडची ‘नागीण’ही याहून वेगळी, ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते.) तरीही आपल्या परिचितांचे म्हणणे निराधार नाही. जननेंद्रियाचा हर्पिस असलेल्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असतो. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या रुग्णांच्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, ज्यांना हर्पिस नुकताच जडला होता त्यांच्यात हा धोका वाढलेला आढळला.

फोड फुटला की त्वचेत विषाणूला वाट मिळते, हे सहज समजण्यासारखे आहे. पण खरी मेख पुढे आहे. हर्पिसशी लढण्यासाठी शरीर त्या जागी ज्या सीडी-४ पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) पाठवते, नेमक्या त्याच पेशींत एचआयव्ही शिरतो, आणि फोड बरा होऊन कातडी स्वच्छ दिसू लागल्यानंतरही, असायक्लोव्हिर चालू असतानाही, त्या कित्येक आठवडे तेथेच ठाण मांडून असतात, असे २००९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना दिसले.

त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. आफ्रिका, पेरू आणि अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत रोज दोनदा असायक्लोव्हिर घेणाऱ्यांचे फोड कमी झाले, एचआयव्हीची लागण मात्र कमी झाली नाही. हा निकाल २००८ मध्ये आला तेव्हा या क्षेत्रातील अनेकांची निराशा झाली, कारण गोळी स्वस्त होती आणि तर्क बिनचूक वाटत होता. फोडांच्या त्रासासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती जरूर घ्यावी, एचआयव्हीपासून संरक्षण म्हणून नव्हे. त्यासाठी कंडोमच वापरावा आणि फोड असताना संबंध टाळावा.

लग्नापूर्वी दोघांनीही सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन व तपासणी) केंद्रात एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. ती मोफत असते आणि गोपनीय ठेवली जाते. सोबत सिफिलिसचीही करावी, कारण त्याचा व्रण दुखत नसल्याने अनेकदा लक्षातच येत नाही. हर्पिसविषयी मात्र भावी पत्नीला आपणच, आधी सांगायला हवे. फोड नसतानाही तो विषाणू जोडीदाराकडे जाऊ शकतो.